आवाजाला कणीक

फोनवर मला लोक सर म्हणतात. गॅसचं बुकिंग असो, बँकेतली पोरगी असो, नाहीतर खाली गेटवर उभा राहून पत्ता विचारणारा कुरिअरवाला असो, माझं 'हॅलो' ऐकलं की पलीकडून 'हां सर, बोला सर' सुरू होतं. आधी मी चिडून सांगायची, अहो, सर कुठला, मॅडम आहे मी. समोरचा वरमायचा, सॉरी म्हणायचा, आणि दोन वाक्यांनी पुन्हा सर. आता सोडून दिलंय. पन्नाशी उलटल्यावर बाईने कुठे कुठे भांडत बसायचं? पण हा आवाज माझा जन्माचा नाही. शाळेत मला पिपाणी म्हणायचे, इतका माझा आवाज बारीक होता. तो असा जाड कसा झाला हे सांगायचं तर अंधेरीतल्या एका दुकानातल्या काळ्या पेटीपर्यंत जावं लागेल, आणि त्याआधी आमच्या घरात.

आमचं घर बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा मालवणकडचे, उमेदीची सगळी वर्षं गिरणीच्या साचेखात्यात घालवलेले. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणतात ते. शेकडो साचे एकदम खडखडायचे, तिथे माणसं एकमेकांशी हाताच्या खुणांनीच बोलायची. गिरणी बंद पडली तोवर बाबांचे कान गेले होते. म्हणजे गेले होते असं आम्ही म्हणायचो, पण त्यात एक मेख होती. कुकरच्या शिट्ट्या बाजूला बसून खुशाल होऊ द्यायचे, डाळ करपून धूर झाला तरी माणूस ढिम्म. फोन वाजून वाजून बंद पडायचा. मी तीनदा हाक मारली तरी वर्तमानपत्राचं पान हलायचं नाही. आणि खालून एखादा डंपर गेला की लगेच मान वर! आईने आतून नुसतं 'अहो' म्हटलं की 'काय गो?' म्हणून तयार! मावशी तर तोंडावर म्हणायची, "सोयीचा बहिरा आहे तुझा बाप." मी हसायची, पण मनात ते रुतून बसलं होतं. ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकतात, माझं ऐकायचं नसतं, असं मी धरून चालले होते. तेव्हापासून मी बाबांशी थेट बोलायचंच सोडलं. माझं बाबांना आणि बाबांचं मला, सगळं आईमार्फत जायचं. "आई, बाबांना सांग फी भरायची आहे." मग आई तिच्या भरड, जाड आवाजात ते पुन्हा सांगायची. तिचा आवाज असा की हळदीकुंकवाला बायका तिला हवालदार म्हणायच्या. तिला त्याचा राग यायचा नाही. "हवालदार तर हवालदार, घर तर ताब्यात आहे ना?" म्हणायची.

बाबा पखवाज वाजवायचे. गुरुवारी सोसायटीच्या मागच्या देवळात भजन असायचं. गुरुवारी आई चपात्यांची कणीक मळायची तेव्हा एक गोळा बाजूला ठेवायची, त्याला आमच्याकडे 'बाबांचा गोळा' म्हणायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणीक थापतात. ती नसली तर ते कातडं नुसतं टपटप करतं. कणकेचं ओझं पडलं की तेच कातडं सावकाश हलायला लागतं आणि धुम्म असा जाड नाद निघतो, जो कानापेक्षा पोटाला आधी कळतो. किती लावायची याचा अंदाज बाबांच्या अंगठ्यात होता. जास्त झाली की "पोट फुगलां" म्हणून थोडी काढायचे, कमी झाली की पुन्हा थापायचे. लहानपणी मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि तो नाद माझ्या पाठीत शिरायचा. पुढे त्यांना बुवांचा गळा ऐकू येईना. बुवा वर चढले की हे एकटेच पुढे निघून जायचे. एकदा बुवांनी अभंग मध्येच थांबवला आणि चारचौघांत म्हणाले, "दादा, जरा आमका पण सोबत घेवा." सगळे हसले. बाबाही हसले, घरी आले, पखवाजाला गवसणी चढवली आणि तो कपाटावर ठेवला तो कायमचाच. आई मात्र गुरुवारी गोळा काढायची थांबली नाही. माणसाला कधी हुक्की येते, म्हणायची. रात्रीच्या शेवटच्या चपातीत तो गोळा जायचा.

आई गेली आणि आमच्या घरातली बोलण्याची वाटच बंद झाली. दिवसकार्य उरकलं, गावचे लोक परत गेले, आणि मग लक्षात आलं की या दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही. मी सकाळी भात, आमटी, एखादी सुकटीची चटणी करून ठेवायची, बाबा जेवून ताट घासून पालथं घालायचे. आईच्या हातच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची चव मला काही केल्या जमत नव्हती, पण बाबा कधी बरं नाही म्हणाले, वाईट नाही म्हणाले. मी काही बोलले की माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "हो, हो." आज उशीर होईल बाबा. हो, हो. पायाची सूज उतरली का? हो, हो. एका गुरुवारी मी आईसारखा गोळा काढून ठेवला. बाबांनी तो बघितला, उचलला, हातात थोडा फिरवला आणि खिडकीच्या कठड्यावर कावळ्याला ठेवून आले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला कुणास ठाऊक, ऐकणारं घरात होतं कोण?

त्या सुमाराला मला अंधेरीत नोकरी लागली. लोकांना घरातच थिएटर करून घ्यायची हौस सुटली होती, आणि अशी सामग्री विकणारं ते दुकान. मागे एक बिनखिडकीची खोली, भिंतींना गालिचा, समोर पडदा. माझं काम गिऱ्हाइकाला पाणी देणं आणि त्या खोलीत नेऊन ऐकवणं. बसवण्याचं काम मिलिंद करायचा. कुर्ल्याचा. वडील मराठवाड्यातून आलेले. फोन उचलताना 'जय भीम' आणि ठेवताना 'चल, भेटू', मधलं सगळं फटाफट. त्यानेच मला शिकवलं. पहिल्याच दिवशी त्या गुडघ्याएवढ्या काळ्या चौकोनी पेटीपुढे मला बसवलं आणि म्हणाला, "हा सबवूफर. आपल्या धंद्यातला सगळ्यात गरीब प्राणी. सगळे याला शिव्या देतात."

"का रे?"

"गाणं येत नाही ना यातून! बारीक आवाजाला हवा पटपट हलवायची असते, त्याला हे लिंबाएवढे स्पीकर पुरतात. जाड आवाजाला हवा भरपूर लागते, ती पण सावकाश ढकलायला लागते. म्हणून याचा पडदा मोठा आणि जड. हे भोक दिसतंय ना? हात धर."

मी हात धरला. पडद्यावर कुठेतरी स्फोट झाला आणि त्या भोकातून भसकन वारा हातावर आला. मी बाई गं म्हणून हात मागे घेतला. मिलिंद खुश. मग मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, आवाज कुठून येतोय दाखव. मी बिनधास्त पडद्याकडे बोट केलं. पेटी माझ्या पाठीमागे सोफ्याच्या आड होती. "जाड आवाजाला पत्ता नसतो," तो म्हणाला, "तो खोलीभर असतो. बारीक आवाज कुठून येतो ते कानाला लगेच कळतं." पेटीमागे एक फिरवायचं बटण होतं. किती जाडपासून किती बारीकपर्यंतचा आवाज या पेटीने घ्यायचा, ते त्याच्यावर ठरायचं. बटण जिथे ठेवू त्याहून बारीक ते सगळं छोट्या स्पीकरांकडे, जाड ते या पेटीकडे.

जुहूचे एक गृहस्थ तर पेटी गाडीत घालून परत घेऊन आले. पीस खराब आहे, कान लावून बसलो तरी एक शब्द ऐकू येत नाही! मिलिंदने त्यांना खोलीत बसवलं, आधी सगळं एकत्र ऐकवलं, मग गुपचूप पेटी बंद केली. त्यांचा चेहरा पडला. "मीठ काढलं ना जेवणातून," मिलिंद म्हणाला. नंतर आम्ही दोघं त्यांच्या घरी पेटी बसवायला गेलो. तिथे एक अजबच प्रकार. साहेबांच्या बसायच्या जागेवर पेटी ठेवली, ठोका सुरू केला, आणि मिलिंद मोज्यांवर खोलीभर रांगायला लागला. एका कोपऱ्यात ठोका अंगावर यायचा, दोन हात सरकलं की पार गायब. खोली तीच, पेटी तीच, पण काही जागांवर आवाज पोचतच नाही. जिथे नीट पोचेल तिथे पेटी ठेवायची, म्हणजे तिथून खुर्चीत बसलेल्याला तसाच नीट ऐकू येतो. साहेबांची आई बिचारी सोफ्यावरून वाकून विचारत होती, "क्या गिर गया बेटा?" आम्ही खाली येईपर्यंत हसू दाबलं. किती महिन्यांनी हसले असेन मी तेव्हा! घरी येऊन बाबांना ते सांगावं असं फार वाटलं. सांगितलंही. बाबा म्हणाले, "हो, हो."

मग शेठनी पुण्यात दुकान काढायचं ठरवलं आणि मला विचारलं, तिकडे जाशील का? राहायची सोय, पगार बरा. माझा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. बाबांनी एकदा 'नको जाऊ' म्हणावं. बस, एवढंच. बाकी पुण्याचं मला काही सोयरसुतक नव्हतं. संध्याकाळी बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबा, मला पुण्याला बोलावलंय. कायमचं. जाऊ का मी?" बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. हसले. आणि मान हलवून म्हणाले, "हो, हो." त्यांनी रागावून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते हसून म्हणाले! दुसऱ्या दिवशी मी शेठना होकार दिला आणि मिलिंदशीही दिवसभर बोलले नाही.

त्याच आठवड्यात मुलुंडचं एक जोडपं आलं. ही पेटी नक्की करते काय, नुसती तीच ऐकवा, म्हणाले. मी बाकीचे स्पीकर बंद केले आणि मागचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. पडद्यावर एक नवरा-बायको भांडत होते. नवऱ्याचं बोलणं शेजारच्या घरातून यावं तसं घुमत होतं. शब्द नाहीत, पण माणूस बोलतोय एवढं कळत होतं. आणि बायको? ती ओरडत होती, हात नाचवत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती, आणि आवाज नाही. नुसतं तोंड हलत होतं. मध्येच दार आपटलं, ते मात्र अख्ख्या खोलीला कळलं. मुलुंडच्या बाई म्हणाल्या, "अय्या, हिचं काहीच ऐकू येत नाही." मला खिडकीशी बसलेले बाबा दिसले. डंपर कळतो, दार कळतं, हवालदार आईचं 'अहो' कळतं. शिट्टी नाही, फोन नाही, पिपाणी नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मिलिंद आत आला. "काय गं? भूत बघितलंस काय?"

"माझ्या बापाला असं ऐकू येतं रे."

त्याला बाबांचं साचेखातं ठाऊक होतं. तो पेटीवर टेकला. मग त्याच्या सवयीप्रमाणे धाडकन बोलला, "म्हणजे एवढी वर्षं तू घरात नुसतं तोंड हलवत होतीस."

तंतोतंत तसं नसतं, हे मला पुढे कानाच्या डॉक्टरांनी समजावलं. बारीक आवाज आधी जातात, सगळे एकदम जात नाहीत, शब्दांच्या कडा झिजतात वगैरे. असेल. पण मला जे कळायचं ते त्या गालिच्याच्या खोलीत कळलं होतं. डॉक्टरांनी बाबांना यंत्रही दिलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि "गिरणी परत चालू झाल्यासारखां वाटता" म्हणून डब्यात ठेवून दिलं.

दुकानात कोपरा तुटलेली एक पेटी पडून होती. शेठना विचारून मिलिंदने ती, दोन छोट्या स्पीकरांसकट, रविवारी सकाळी स्कूटरवर घालून आमच्याकडे आणली. बाबा म्हणाले, "ह्यां काय हाडलंस?" मिलिंदने पुढची जाळी काढली. बाबांनी खाली बसून त्या काळ्या पडद्यावर अंगठा टेकवला, हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जड आसा. कणीक लावलली दिसता." मिलिंदला काही कळेना. मी सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आयला! काकांना माहितीच आहे की सगळं."

देवळातल्या भजनाची एक जुनी कॅसेट घरात होती, पखवाजावर बाबाच. ती लावली. छोट्या स्पीकरांतून बुवा आणि झांजा, पेटीतून डावा हात. बाबा उठले आणि सरळ पेटीवरच जाऊन बसले, पाटावर बसावं तसे. "काका, ते बसायचं नाय," मिलिंद म्हणाला, मी त्याचा हात धरला. बाबांचे डोळे मिटलेले. हळूहळू डावा पंजा मांडीवर पडायला लागला, नेमका समेवर. खालच्या मंजुळाबेन वर आल्या, आमची भांडी मांडणीवर नाचतायत म्हणून सांगायला, आणि दारातच उभ्या राहून बघत बसल्या. पूर्ण बाजू संपली तेव्हा बाबा म्हणाले, "ह्यां माका ऐकाक येता." बस, एवढंच. पण ते स्वतःहून बोलले होते.

मिलिंद जेवायला थांबला नाही. मी स्वयंपाकघरात कणीक मळली. गुरुवार नव्हता, तरी एक गोळा बाजूला काढला. मग दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिले. आई तिथूनच हाक मारायची. हनुवटी खाली घेतली, पोटात श्वास भरला आणि छातीतून म्हटलं, "बाबा." कसलं काय, कोंबड्यासारखा आवाज फुटला. लाज वाटली. भिंतीकडे तोंड करून एकदोनदा सराव केला. मग पुन्हा, सावकाश, जड, जितका खाली जाईल तितका खाली नेऊन, "बाबा."

बाबा वळले. "काय गो?"

त्या दोन शब्दांसाठी मी लहानपणापासून झुरत होते. "मी पुण्याला चालले. तिथेच राहायला. जाऊ का?"

त्यांचा चेहरा उतरला. "पुण्याक? कित्याक? माका सांगूक नाय तां?"

"सांगितलं. तुम्ही हो म्हणालात."

बाबा पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "माका काय तां कळाक नाय. तुझां तोंड हलताना दिसता, म्हणान हो म्हणतंय. नाय म्हटलां आणि तू रागावलंस तर? घरात दुसरां कोण आसा माका?" आणि मग, "जाव नको."

मी दाराची चौकट धरून उभी. बाबा उठले, कपाटावरून पखवाज खाली घेतला, गवसणी सोडली, धूळ फुंकली. परातीतला गोळा उचलला आणि डाव्या तोंडावर अंगठ्याने थापायला लागले. थापता थापता माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझ्या आवशीसारखो लागलो आवाज. आता कशी कणीक बरोबर लागली."

पुण्याला माझ्याऐवजी मिलिंद गेला. जायच्या दिवशी मला म्हणाला, "विचारणार होतो तुला काहीतरी. पण तू तर इथेच." मी बाबांसारखं नुसतं हसून म्हटलं, "हो, हो." खरं तर तेव्हा मला सगळं नीट ऐकू आलं होतं. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग दिवाळीला, मग तेही नाहीत. बाबा देवळातल्या भजनाला पुन्हा कधी गेले नाहीत, घरातच वाजवायचे, माझ्यापुरतं. मी रोज छातीतून बोलायची. घसा बसायचा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची. दमून आले की आवाज वर निसटायचा, मग बाबा कानाला हात लावून म्हणायचे, "कणीक कमी पडली गो." बरीच वर्षं आम्ही असे बोललो. भाव, पाऊसपाणी, गावची भांडणं, आई. अगदी साधं बोलणं, पण माझं पोट भरायचं. आवाज कधी कायमचा खाली बसला, ते मला कळलंही नाही.

बाबांना जाऊनही आता बराच काळ झाला. पेटी चपलांच्या कपाटाशेजारी आहे, तिच्यावर फोन ठेवते. खुर्ची खिडकीशीच आहे. परवा दुपारी कुणा पोरीने फोनवर पुन्हा 'थँक्यू सर' म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं, बघू तरी आपला जुना आवाज. घरात चिटपाखरू नव्हतं. मी बारीक आवाजात 'बाबा' म्हणून बघितलं. नाही आला. शाळेतली पिपाणी कुठे गेली कुणास ठाऊक, नुसती हवा निघाली. मग माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, दारात उभं राहून, छातीतून, नीट कणीक लावून. खोलीभर घुमला. थोडा वेळ उभी राहिले, आणि मग कुकर लावायला आत गेले.